निषिद्ध प्रेम आणि पर्यायी इतिहास : ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ या दूरचित्रवाणी मालिकेचा एक अभ्यास

प्रास्ताविक

दोन भिन्न समूहांतील तरुण-तरुणीचे प्रेम आणि त्या प्रेमाला होणारा समाजाचा विरोध हा जगातील बहुतेक सर्व भाषांच्या साहित्यात आढळणारा विषय आहे. अशा कथांची चर्चा करताना शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकाचा दाखला हमखास दिला जातो. ब्रिटनच्या बीबीसी वाहिनीवर २०२० साली प्रसारित झालेल्या ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ या मालिकेबाबतही हेच घडले. गौरवर्णीय कॅलम आणि कृष्णवर्णीय सेफी यांची ही प्रेमकथा रोमिओ-ज्युलिएटचेच आधुनिक रूप आहे, असे तिचे वर्णन वारंवार केले गेले.

हे वर्णन सोयीचे असले तरी ते मूळ मुद्द्यावर पांघरूण घालणारे आहे. व्हेरोनातील दोन्ही घराणी प्रतिष्ठेने समान आहेत. त्यांच्यात वैर आहे, उतरंड नाही. कॅलम आणि सेफी यांच्या कुटुंबांमध्ये मात्र प्रारंभी वैरही नाही. किंबहुना कॅलमची आई सेफीच्याच घरी नोकरी करीत आलेली आहे. त्यांच्यामध्ये आहे ती उतरंड. वैरातून निर्माण झालेली बंदी आणि उतरंडीतून निर्माण झालेली बंदी या दोन्ही वरकरणी सारख्या दिसत असल्या तरी त्यांची कारणे भिन्न असतात, त्यांची शिक्षा भिन्न असते आणि त्यांचा शेवटही भिन्न असतो. वैर समेटाने संपू शकते. उतरंडीत समेटाला जागाच नसते, कारण एकाची पायरी खाली असणे हीच तिची अट असते.

प्रस्तुत लेखात या मालिकेच्या व तिच्या आधारभूत कादंबरीच्या आधारे पुढील मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे : वंशाधारित समाजव्यवस्थेत आंतरवंशीय प्रेमावरील बंदी हा अनेक अन्यायांपैकी एक अन्याय नसून तो त्या व्यवस्थेचा आधारस्तंभ असतो, आणि पर्यायी इतिहास हा कथाप्रकार ही गोष्ट वास्तववादी कथेपेक्षा अधिक स्पष्टपणे दाखवू शकतो. त्याचबरोबर या कथाप्रकाराच्या मर्यादांचाही विचार येथे केला आहे.

पर्यायी इतिहास : संकल्पना

इतिहासातील एखादी घटना घडली नसती, किंवा तिचा निकाल उलट लागला असता, तर आजचे जग कसे असते, या कल्पनेवर उभारलेल्या साहित्यास पर्यायी इतिहासाचे साहित्य म्हटले जाते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी व जपान विजयी झाले असते तर, या कल्पनेवर फिलिप के. डिक यांनी १९६२ साली ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही कादंबरी लिहिली. तिच्यावरील मालिका २०१५ ते २०१९ या काळात प्रसारित झाली. रॉबर्ट हॅरिस यांची ‘फादरलँड’ ही १९९२ ची कादंबरी याच धाटणीची आहे. बर्नार्डिन एव्हरिस्टो यांनी ‘ब्लाँड रूट्स’ या २००८ च्या कादंबरीत आफ्रिकी लोकांनी युरोपीय लोकांना गुलाम केले आहे, असे जग रेखाटले.

या प्रकारच्या लेखनाचे दोन पोटप्रकार करता येतील. पहिल्यात एका विशिष्ट घटनेला फाटा फुटतो व तेथून इतिहास वेगळ्या वाटेने जातो. दुसऱ्यात सत्तेची संपूर्ण मांडणीच उलटी केली जाते. पहिल्याचा भर कार्यकारणभावावर असतो, तर दुसऱ्याचा भर तुलनेवर. ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ हा प्राधान्याने दुसऱ्या प्रकारचा प्रयत्न आहे. त्याचा हेतू ‘असे घडले असते’ हे सिद्ध करण्याचा नसून, जे घडले व घडत आहे ते किती अस्वाभाविक आहे हे दाखविण्याचा आहे.

कादंबरी आणि मालिका

मॅलोरी ब्लॅकमन या कृष्णवर्णीय ब्रिटिश लेखिकेची ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ ही कादंबरी २००१ साली प्रसिद्ध झाली व पुढे तिची मालिका झाली. ब्लॅकमन या २०१३ ते २०१५ या काळात ब्रिटनच्या बालसाहित्याच्या राष्ट्रीय सन्मानपदावर, म्हणजेच ‘चिल्ड्रन्स लॉरिएट’ या पदावर होत्या. एप्रिल १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला. या प्रकरणाच्या चौकशीच्या १९९९ मधील मॅक्फर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वंशभेद असल्याचा निष्कर्ष काढला. या प्रकरणाचा आपल्या कादंबरीवर प्रभाव असल्याचे लेखिकेने सांगितले आहे.

शीर्षक हे आपल्याकडे ‘फुली-गोळा’ म्हणून परिचित असलेल्या खेळाचे इंग्रजी नाव आहे. ‘नॉट’ म्हणजे शून्य आणि ‘क्रॉस’ म्हणजे फुली. गौरवर्णीयांना ‘नॉट’ म्हणजे शून्य ठरविणाऱ्या या नावातच त्या समाजाचा निवाडा सामावलेला आहे. शिवाय हा खेळ दोन्ही खेळाडू जाणते असतील तर नेहमी बरोबरीतच सुटतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

कादंबरीतील देश अनामिक आहे. तेथे नॉट लोक पूर्वी गुलाम होते आणि आता कागदोपत्री मुक्त आहेत. मालिकेने या देशास ‘अल्बियन’ हे ब्रिटनचे प्राचीन नाव दिले आणि सुमारे ७०० वर्षांपूर्वी ‘ॲप्रिका’ या खंडाने युरोप जिंकून घेतल्याची पार्श्वभूमी जोडली. पहिल्या पर्वात सहा आणि २०२२ सालच्या दुसऱ्या पर्वात चार भाग आहेत. सेफीची भूमिका मासाली बदुझा या दक्षिण आफ्रिकी अभिनेत्रीने, तर कॅलमची भूमिका जॅक रोवन याने केली आहे. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत झाले. ज्या देशात आंतरवंशीय प्रेम १९८५ पर्यंत खरोखरच कायद्याने गुन्हा होते, त्याच देशात ते गुन्हा असलेले काल्पनिक जग उभारले जावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

सेफीचे वडील कमाल हॅडली हे सत्ताधारी वर्गातील बडे राजकारणी आहेत. कॅलमची आई मेगी ही हॅडली कुटुंबाकडे कामाला असल्याने दोन्ही मुले लहानपणी एकत्र वाढली. कादंबरीत कॅलम हा केवळ क्रॉस मुलांसाठी असलेल्या शाळेत प्रवेश मिळालेल्या मोजक्या नॉट मुलांपैकी एक आहे. मालिकेत तो लष्करी प्रबोधिनीत प्रवेश मिळविणाऱ्या पहिल्या नॉट तरुणांपैकी एक होतो. त्याचा भाऊ ज्यूड सशस्त्र मुक्तिसंघटनेकडे ओढला जातो. राज्यसंस्था आणि बंडखोरी या दोन चाकांच्या मध्ये हे प्रेम सापडते.

बंदी : इतिहासाची साक्ष

मालिकेतील अल्बियनमध्ये नॉट व क्रॉस यांच्यातील संबंध कायद्याने निषिद्ध आहेत. हा भाग अतिरंजित वाटण्याची शक्यता आहे. म्हणून त्यामागील वास्तव इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. वंशविभक्तीच्या धोरणाचे जे प्रमुख कायदे तिने केले, त्यांतील पहिला मोठा कायदा जमिनीचा, शिक्षणाचा किंवा मजुरीचा नव्हता. तो १९४९ चा मिश्रविवाहबंदीचा कायदा होता. १९५० साली विवाहबाह्य संबंधांवरील बंदीही सर्व गौरेतरांपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्येक नागरिकाच्या वंशाची नोंद करणारा लोकसंख्या नोंदणी कायदा आणि वंशवार वस्त्या ठरविणारा कायदा हेही त्याच वर्षीचे, म्हणजे विवाहबंदीच्या नंतरचे आहेत. हा क्रम बोलका आहे. माणसांची कप्प्यांमध्ये विभागणी कायम ठेवावयाची तर पुढच्या पिढीत कप्पे मिसळणार नाहीत याची तजवीज आधी करावी लागते. अन्यथा तिसऱ्या-चौथ्या पिढीत नोंदवहीतील रकानेच निरर्थक होतात.

अमेरिकेतील उदाहरण आणखी एका बाबीवर प्रकाश टाकते. रिचर्ड लव्हिंग हा गौरवर्णीय आणि मिल्ड्रेड ही कृष्णवर्णीय व मूलनिवासी वंशाची तरुणी यांनी जून १९५८ मध्ये वॉशिंग्टन येथे विवाह केला. व्हर्जिनिया राज्यात परतल्यावर पुढच्याच महिन्यात पोलिसांनी रात्री घरात शिरून त्यांना अटक केली. त्यांना एक वर्षाची कैद सुनावण्यात आली व २५ वर्षे राज्यात एकत्र परतू नये या अटीवर ती स्थगित ठेवण्यात आली. अखेर १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व कायदे एकमताने घटनाबाह्य ठरविले. त्या वेळी १६ राज्यांत ते अस्तित्वात होते. निकालात सरन्यायाधीश वॉरन यांनी नोंदविलेले एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. व्हर्जिनियाचा कायदा केवळ गौरवर्णीयांचा समावेश असलेल्या आंतरवंशीय विवाहांना बंदी करीत होता. गौरेतर वंशांनी आपसांत विवाह केल्यास त्याला हरकत नव्हती. याचा अर्थ, कायद्याला सर्वच वंशांच्या शुद्धतेची चिंता नव्हती. त्याला एकाच वंशाचे श्रेष्ठत्व राखावयाचे होते.

ब्रिटनमध्ये असा कायदा नव्हता हे खरे. परंतु त्यामुळे ब्रिटिश सत्ता निर्दोष ठरत नाही. बेचुआनालँडमधील बामांग्वाटो जमातीचे वारस सेरेत्से खामा यांनी १९४८ साली लंडनमध्ये रूथ विल्यम्स या गौरवर्णीय इंग्रज तरुणीशी विवाह केला. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेची नाराजी ओढवू नये म्हणून ब्रिटिश सरकारने खामा यांना त्यांच्याच भूमीतून हद्दपार केले. १९५६ साली त्यांना परतता आले आणि १९६६ साली ते स्वतंत्र बोट्स्वानाचे पहिले अध्यक्ष झाले. विवाहावर बंदी घालणारा कायदा नसतानाही एका विवाहासाठी राज्ययंत्रणा किती हालू शकते, याचे हे उदाहरण आहे.

अनुलोम आणि प्रतिलोम

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. बंदी सर्वांना सारखीच लागू होते काय? अमेरिकी इतिहास सांगतो की ती तशी नव्हती. गौरवर्णीय मालक आणि कृष्णवर्णीय गुलाम स्त्री यांच्यातील संबंध, ज्यांत स्त्रीच्या संमतीला काही अर्थच नव्हता, शतकानुशतके चालू राहिले. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल असे जाहीर केल्याने अशा संबंधांतून जन्मलेले मूल मालकाच्या संपत्तीत भरच घालत असे. विसाव्या शतकातही हा दुटप्पीपणा टिकून होता. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकास विरोध करण्यासाठी सिनेटमध्ये सलग २४ तासांहून अधिक भाषण करणारे स्ट्रॉम थर्मंड यांना आपल्या घरातील तरुण कृष्णवर्णीय मोलकरणीपासून १९२५ साली मुलगी झाली होती. ही बाब त्यांच्या मृत्यूनंतर २००३ साली उघड झाली. याउलट कृष्णवर्णीय पुरुष आणि गौरवर्णीय स्त्री यांच्या संबंधाचा नुसता संशयही जिवावर बेतत असे. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाचा अशाच आरोपावरून खून झाला व आरोपींना केवळ गौरवर्णीयांच्या ज्यूरीने निर्दोष सोडले.

ही विषमता नेमकेपणाने व्यक्त करणारे शब्द आपल्या परंपरेत मात्र आयतेच आहेत. वरच्या वर्णाचा पुरुष व खालच्या वर्णाची स्त्री यांचा संबंध तो अनुलोम, आणि वरच्या वर्णाची स्त्री व खालच्या वर्णाचा पुरुष यांचा तो प्रतिलोम. धर्मशास्त्राने पहिल्यास काही अटींवर मान्यता दिली, तर दुसऱ्याचा कठोर निषेध केला. ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांच्या संततीला मनुस्मृतीने सर्वांत खालचे स्थान दिले. उतरंडीतील वरच्या समूहाची स्त्री ही त्या समूहाच्या सीमेची राखणदार मानली जाते. म्हणून तिच्या निवडीवर सर्वांत कडक पहारा असतो.

या परिभाषेत सांगायचे तर ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ ही एक प्रतिलोम प्रेमकथा आहे. सेफी ही सत्ताधारी क्रॉस वर्गातील, आणि कॅलम हा खालच्या नॉट वर्गातील. कादंबरीत त्यांच्या संबंधाचा शेवट न्यायालयात होतो, तेव्हा कॅलमवर ठेवला जाणारा आरोप प्रेमाचा नसून अपहरण व बलात्काराचा असतो. मुक्तिसंघटनेने केलेल्या अपहरणात कॅलम सहभागी होता हे सत्य आहे. पण त्या काळात दोघांमध्ये जे घडले ते परस्परसंमतीने घडले, हे सेफीचे म्हणणे कोणीच ऐकून घेत नाही. राज्यसंस्थेच्या लेखी क्रॉस स्त्री नॉट पुरुषाची स्वेच्छेने निवड करूच शकत नाही. तिने ती केली असे मान्य करणे म्हणजे उतरंड नैसर्गिक नाही हे मान्य करणे होय. म्हणून संमतीचे रूपांतर गुन्ह्यात करणे भाग पडते. हे चित्रण काल्पनिक असले तरी त्यातील तर्क इतिहासातलाच आहे. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने १८९२ साली झुंडबळींच्या संदर्भात नेमके हेच लिहिले, की बलात्काराच्या नावाखाली ज्यांना ठार मारले जाते त्यांतील अनेकांचे संबंध स्वेच्छेचे होते. परिणामी मेम्फिस येथील त्यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय जमावाने उद्ध्वस्त केले.

वंश आणि जात यांची ही तुलना करताना सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, असे स्पष्टपणे प्रतिपादन केले होते. मात्र त्यांनीच १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहाच्या बंधनात असल्याचे दाखवून दिले आणि १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या सुप्रसिद्ध भाषणात आंतरजातीय विवाह हा त्यावरील खरा उपाय असल्याचे म्हटले. जात व वंश यांची उत्पत्ती भिन्न असली तरी दोहोंना टिकविणारी यंत्रणा एकच, ती म्हणजे विवाहावरील बंधन. या अर्थाने ही इंग्रजी मालिका मराठी वाचकास जितकी सहज उमगेल तितकी ती तिच्या मूळ प्रेक्षकासही कदाचित उमगणार नाही. ‘सैराट’ या २०१६ च्या चित्रपटाची मांडणीही प्रतिलोमच आहे, हे येथे सुज्ञ वाचकांच्या लक्षात येईल.

प्रेमातील विषम जोखीम

दोघांनीही बंदी मोडली, पण त्यांनी पणाला लावलेल्या गोष्टी सारख्या आहेत काय? कादंबरीचे निवेदन आलटून पालटून कॅलम आणि सेफी या दोघांच्या तोंडून होते. या निवेदनपद्धतीमुळे एकच प्रसंग दोन बाजूंनी किती वेगळा दिसतो हे वाचकास कळते. सेफी मनाने निर्मळ आहे. परंतु तिला पुष्कळ गोष्टी दिसतच नाहीत. एका नॉट मुलीच्या कपाळावरील गडद तपकिरी चिकटपट्टी तिच्या गोऱ्या त्वचेवर विजोड का दिसते, याचा विचार सेफीने त्या दिवसापर्यंत कधी केलेला नसतो. नॉट लोकांच्या त्वचेच्या रंगाची पट्टी कोणी बनवितच नाही, हे तिला तेव्हा समजते. प्रत्यक्ष जगातील कृष्णवर्णीयांचा हा रोजचा अनुभव आहे.

याहून गंभीर प्रसंग शाळेच्या प्रवेशद्वारावरचा आहे. नॉट मुलांना प्रवेश दिल्याबद्दल क्रॉस विद्यार्थ्यांचा जमाव निदर्शने करीत असतो. १९५७ साली अमेरिकेतील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाताना जे भोगावे लागले त्याची आठवण करून देणारे हे दृश्य आहे. सेफी जमावाला धिक्कारते. मात्र धिक्कारताना नॉट लोकांसाठी वापरली जाणारी शिवीच तिच्या तोंडून निघते. तिचा हेतू कॅलमच्या बाजूने उभे राहण्याचा आहे आणि तिची भाषा त्यालाच घायाळ करते. व्यवस्था ही केवळ दुष्ट माणसांच्या बळावर चालत नाही. ती भल्या माणसांच्या जिभेवरही वसलेली असते, हे या प्रसंगातून व्यक्त होते.

पकडले गेल्यास सेफीला बदनामी, कुटुंबाचा रोष आणि सुखवस्तू आयुष्यास मुकणे सोसावे लागेल. कॅलमला मरण सोसावे लागेल. कॅलमची बहीण लिनेट हिची कथा या संदर्भात महत्त्वाची आहे. तिचेही एका क्रॉस तरुणावर प्रेम होते. त्या दोघांवर हल्ला झाला आणि त्यानंतर तिचे मानसिक संतुलन ढळले. आपण क्रॉसच आहोत असे ती समजू लागली. ती भानावर येते तेव्हा वास्तव तिला सोसवत नाही व तिचा अंत होतो. हा हल्ला करणारे नॉट समूहातीलच होते, असे कादंबरीत म्हटले आहे. उतरंडीचा पहारा वरचेच लोक करतात असे नाही. अपमानित समूहही आपली उरलीसुरली प्रतिष्ठा स्त्रीच्या देहात शोधतो आणि त्यासाठी तिलाच शिक्षा करतो.

संततीचा प्रश्न

कादंबरीच्या अखेरीस सेफी गर्भवती असते. तिने गर्भपात केला तर कॅलमचा जीव वाचेल, असा पर्याय तिच्या वडिलांकडून पुढे केला जातो. दोघेही तो नाकारतात, कॅलम फासावर जातो आणि त्यांची मुलगी कॅली रोझ जन्मास येते. मालिकेने पहिल्या पर्वाचा शेवट बदलून दोघांना पलायन करताना दाखविले. मात्र येणाऱ्या मुलाचा प्रश्न तिनेही केंद्रस्थानी ठेवला.

वंशाच्या राजकारणात मूल हा पुरावा असतो. १८६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेने ‘मिसेजिनेशन’ हा वंशमिश्रणवाचक शब्द प्रथम प्रचारात आणला. ही पुस्तिका विरोधकांनी लिंकन यांच्या पक्षास बदनाम करण्यासाठी केलेली बनवाबनवी होती. मतदारांना घाबरविण्यास संमिश्र संततीची नुसती कल्पना पुरेशी ठरेल, असा तिच्या कर्त्यांचा हिशेब होता. आपल्याकडील ‘वर्णसंकर’ या शब्दाभोवतीचे भयही याच जातीचे आहे. दक्षिण आफ्रिकी विनोदकार ट्रेव्हर नोआ यांचा जन्म १९८४ चा. आई कृष्णवर्णीय, वडील गौरवर्णीय स्विस. तेथील विवाह व संबंधबंदी १९८५ साली रद्द झाली. त्यामुळे आपला जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा होता, या आशयाचे शीर्षक त्यांनी २०१६ च्या आत्मकथनास दिले. कॅली रोझ ही कल्पनेतील व्यक्ती असली तरी तिचे समवयस्क प्रत्यक्षात आहेत.

उलटमांडणीच्या मर्यादा

मालिका प्रसारित झाली तेव्हा काही ब्रिटिश वृत्तपत्रीय समीक्षकांनी तिच्यावर वंशद्वेष पसरविल्याची टीका केली. ती टीका वरवरची होती. परंतु दोन आक्षेप गांभीर्याने घ्यावयास हवेत.

पहिला आक्षेप असा, की गौरवर्णीय प्रेक्षकास कृष्णवर्णीयांचे दुःख कळावे यासाठी ते दुःख गोऱ्या चेहऱ्यावर दाखवावे लागते, ही स्वतःच एक शोकांतिका आहे. सहानुभूतीसाठी पीडिताचा रंग बदलावा लागत असेल तर ती सहानुभूती नेमकी कोणासाठी, असा प्रश्न उरतोच. दुसरा आक्षेप असा, की उलटमांडणीतून ‘सत्ता मिळाल्यास कोणीही असेच वागेल’ असा सोपा निष्कर्ष निघू शकतो. असा निष्कर्ष प्रत्यक्ष इतिहासातील जबाबदारी पुसून टाकतो. अटलांटिक गुलामव्यापार, वसाहतवाद आणि वंशविभक्ती या गोष्टी विशिष्ट लोकांनी विशिष्ट काळात केल्या. त्या मानवी स्वभावाच्या खाती जमा करता येत नाहीत.

या आक्षेपांना मालिकेतूनच एक उत्तर मिळते. तिचा खरा परिणाम गोऱ्यांच्या दुःखातून साधला जात नाही. तो कृष्णवर्णीयांच्या सहज मिरविल्या जाणाऱ्या सत्तेतून साधला जातो. मंत्री, लष्करी अधिकारी, वेशभूषा, सौंदर्याचे निकष या सर्वांत आफ्रिकी छाप आहे आणि त्याचे कोणालाच आश्चर्य वाटत नाही. प्रेक्षकाला मात्र ते क्षणोक्षणी जाणवते. ज्या गोष्टीचे आपणास आश्चर्य वाटते, तिच्या विरुद्ध गोष्टीचे आपणास आजवर कधीच आश्चर्य वाटले नव्हते, ही जाणीव हेच उलटमांडणीचे फलित होय.

या ठिकाणी २०२० सालच्याच ‘ब्रिजर्टन’ या लोकप्रिय मालिकेशी तुलना उद्बोधक ठरेल. तिच्यातील पर्यायी इंग्लंडमध्ये राजाने कृष्णवर्णीय राणीशी विवाह केल्यामुळे कृष्णवर्णीयांना सरदारकी व प्रतिष्ठा प्राप्त झाल्याचे सांगितले जाते. म्हणजे एका प्रेमाने उतरंड मोडली. हे चित्र मनोहारी आहे. पण त्यात हक्क राजाच्या मर्जीतून येतो आणि मर्जी फिरली तर तो जाऊही शकतो. शिवाय तो संबंध अनुलोम आहे. ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ मध्ये प्रेम व्यवस्था बदलत नाही. ते फक्त तिचे स्वरूप उघडे करते. इतिहासाशी अधिक प्रामाणिक असलेले चित्र हेच आहे. लव्हिंग दांपत्याचे प्रेम १९५८ साली होतेच. कायदा बदलण्यास वकील, संघटना, नागरी हक्कांची चळवळ आणि नऊ वर्षे लागली. आणि अलाबामा राज्याच्या घटनेतून संबंधित तरतूद काढून टाकण्यास २००० साल उजाडावे लागले.

समारोप

प्रस्तुत विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. एक, आंतरवंशीय प्रेमावरील बंदी ही वंशाधारित उतरंडीची परिणती नसून तिची पूर्वअट आहे. दोन, ही बंदी सर्वांवर सारखी पडत नाही. प्रतिलोम संबंधावर ती सर्वाधिक कठोर असते आणि त्या संबंधातही खालच्या पायरीवरील व्यक्तीच अधिक मोठी किंमत मोजते. तीन, सत्तेची उलटमांडणी करणारा पर्यायी इतिहास ही गोष्ट डोळ्यांपुढे आणू शकतो, मात्र त्यावरून सर्व समूह सारखेच दोषी असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी अशा मालिका आता मोबाइलवर पाहतात आणि त्यांविषयी वर्गात बोलतात. अशा वेळी ‘खरे प्रेम सर्वांवर मात करते’ या वाक्यावर चर्चा थांबू नये, याची काळजी अध्यापकांनी घ्यावयास हवी. प्रेमाने नेमकी कशावर मात केली, ती करताना कोणाचे काय गेले आणि बंदी कोणाच्या सोयीसाठी होती, हे तीन प्रश्न विचारले गेले, तर एका परक्या देशाची काल्पनिक कथाही आपल्या वर्गातील मुला-मुलींना त्यांच्या स्वतःच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडेल. वर्गातील कोणा मुलीच्या किंवा मुलाच्या बाबतीत तो उंबरठा ओलांडणे आजही जिवावर बेतू शकते, याचे भान ठेवूनच ही चर्चा व्हावयास हवी.